पाचवं अक्षर

कायदा एकवीस दिवस देतो. ही दोघं एकोणिसाव्या दिवशी आली.
दार उघडलं तर आधी वारा आत,
मग पाळणा, मग ती:
इंगा इस्बिस्टर, आडनाव लग्नानंतरही स्वतःचंच,
आणि एर्लंड फ्लेट, खेकड्यांच्या पिंजऱ्यांचा वास अंगावर तसाच घेऊन.
बाळ झोपलेलं. डोक्यावर गाजराच्या रंगाची लव.

"नाव?" मी विचारलं.
"लेस्ली," दोघं एकदम म्हणाली,
आणि मी की-बोर्डावर बोटं ठेवताच
एकदमच गप्प झाली.

एल, ई, एस, एल. इथवर भांडण नाही.
पाचव्या अक्षरापाशी वाट फुटते:
आय-ई म्हणजे मुलगा,
ई-वाय म्हणजे मुलगी.
कुणी ठरवलं, मला विचारू नका, मी फक्त नोंद करतो.
कानाला तर दोन्ही एकच.
जेवायला हाक मारताना
आजवर कुणी स्पेलिंग सांगितलेलं नाही.

पोराची आजी ई-वाय.
मी ओळखायचो तिला, आमचं सगळं स्ट्रॉमनेस ओळखायचं.
हॉयच्या फेरीबोटीवर इंजिनखोलीत एकतीस वर्षं.
इंजिनखोलीत बाई असेल हे कचेरीच्या डोक्यातच शिरेना,
म्हणून दर महिन्याला पगाराची चिठ्ठी
'श्री. लेस्ली', आय-ई.
दर महिन्याला ती हिरव्या पेननं काट मारायची,
वर बरोबर अक्षरं लिहायची, परत पाठवायची.
दर महिन्याला पुन्हा तेच.

मार्चमध्ये ती गेली.
कंपनीचं सांत्वनाचं कार्ड आलं, आय-ई.
खोडायला ती नव्हती.
"मी खोडलं," इंगा म्हणाली. "तिच्याच पेननं.
आणि आता तीच अक्षरं
मी पोराला लावू?"

एर्लंडचं म्हणणं साधं होतं.
दवाखान्यातून पत्र येईल, 'मिस'.
शाळेत बाई हजेरी घेताना मुलींच्या रांगेत शोधतील.
पोरं काय, टपलेलीच असतात.
"आईचं तीस वर्षं जे झालं
ते याचं उलट्या बाजूनं होईल, एवढंच."
इंगा काही बोलली नाही.
अर्जात आईचा रकाना आहे, बापाचा आहे.
आजीचा नाही.
हे मी सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

बराच वेळ हीटर तेवढा गुरगुरत होता.
एर्लंडनं पाय बदलला, खाली पाहिलं,
आणि म्हणाला,
"हे बूटसुद्धा चुकूनच आले होते."

पुरुषी बूट, दहा नंबर, पुढं लोखंडी टोपी.
नोकरीच्या पहिल्या आठवड्यात
कचेरीनं 'श्री. लेस्ली' यांना धाडलेले.
तिचा पाय पाच नंबरचा.
बूट मात्र तिनं परत केले नाहीत.
शेडमध्ये जॅमच्या बरण्यांत नटबोल्ट, वॉशर, रबराचे तुकडे,
त्यांच्या शेजारी फडताळावर ठेवून दिले.
लागतील कुणाला तरी, म्हणायची.
जावई मिळाला तो नेमका दहा नंबरचा.

त्याला मुद्दा वगैरे मांडायचा नव्हता.
खाली पाहिलं, बूट दिसले, बोलला.
इंगा आधी हसली,
मग एकोणीस दिवसांच्या आईचं हसता हसता जे होतं ते झालं,
आणि मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.
या खुर्चीवर बसणाऱ्याला खिडकी लागते.

"आय," ती म्हणाली.
मी टाइप केलं.
"ई."
बाळानं जांभई दिली, तीही झोपेतच.

कागद छापून दिला. तिनं दोनदा वाचला,
बोट पाचव्या अक्षरावर थांबलं,
आणि खिशातून हिरवं पेन निघालं.
माझा जीव वरखाली झाला.
पण तिला फक्त सही करायची होती.
हिरवी शाई चालत नाही, मी म्हणालो,
आणि काळं पेन पुढं सरकवलं.

तिनं सही केली.
हिरव्याला टोपण लावलं,
आणि पाळण्यात, बाळाच्या पायाशी, दुलईखाली सारलं.
लागेल कधीतरी.